पोर्टावरचे भालकीकर

११ डिसेंबर. सकाळी नऊ ते एक मशीनच्या पोटात होते. काम पुसण्याचं. एका हातात पांढरं फडकं, दुसऱ्यात अल्कोहोलची बाटली, आणि आतल्या भिंतीवर बसलेली काजळी एकाच दिशेनं ओढून काढायची. फडकं एकदा फिरलं की ते बाद. मागेपुढे घासलं तर काजळी निघत नाही, नुसती जागा बदलते. दुपारपर्यंत दोन हात भिंत झाली. अजून आठवडाभर हेच चालेल.

बाहेर पोर्टावर, म्हणजे आत शिरायच्या गोल तोंडाशी, नियमाप्रमाणे एक सहकारी बसले होते. ते मधूनमधून "ओके, मॅडम?" विचारत आणि मी "ओके" म्हणे. असं उत्तर द्यायचं नसतं. हे मला ज्यांनी शिकवलं त्या नरहर भालकीकरांच्या मुलीचा संध्याकाळी नांदेडहून फोन आला. बाबा परवा गेले, म्हणाली. ती रडली नाही. तेराव्याला चार माणसं जमतील, त्यांच्यासमोर वाचायला तिला दोन ओळी हव्या होत्या. बाबा हैदराबादला नेमकं काय काम करायचे, एवढंच. "आम्हाला कुणालाच नीट सांगता येत नाही हो. विचारलं की म्हणायचे, झाडूपोछा."

उद्या पाठवते म्हणाले. चहा केला, कागद घेतला, आणि दोन ओळी होईनात. कारण आमच्या संस्थेच्या कागदांत भालकीकरांविषयी एक ओळ आधीच आहे. ती मी लिहिली आहे आणि ती बरोबर नाही. ती चुकीची आहे हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं आणि मी ती नीट केली नाही. ती तशीच ठेवून त्यांच्यावर आणखी दोन ओळी लिहिणं जमेना. म्हणून आधी हे सगळं क्रमानं लिहून काढते.

झाडूपोछा हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. आमचं मशीन म्हणजे पोलादाची एक मोठी पोकळ कडी. शाळेची मुलं बघायला आली की भालकीकर सांगत, हा स्टीलचा मेदूवडा आहे, फक्त आतून पोकळ. त्याच्याभोवती तांब्याच्या तारांची जाड वेटोळी आहेत, ती चुंबकाचं काम करतात. आतली हवा जवळजवळ सगळी उपसून काढायची, मग चिमूटभर हायड्रोजन सोडायचा, वीज द्यायची, आणि सूर्याच्या पोटात जे चालतं त्याच्या थोडंफार जवळ जाता येतं का ते बघायचं. हे सगळं पापणी लवते तेवढ्यात होऊन जातं. त्या क्षणासाठी शास्त्रज्ञ वर्षभर गणितं करतात, आणि तो क्षण यावा म्हणून आमचा व्हॅक्यूम विभाग वर्षभर आतली हवा, ओल, धूळ आणि तेल यांच्या मागे लागलेला असतो. भालकीकर म्हणत, "सा म्हयने घर झाडायचं आन् पाव्हणा उंबऱ्यावरूनच परत."

ते तंत्रज्ञ होते. आजोबा बिदरकडचे शेतकरी, वडील निजामाच्या राज्यात शहरात येऊन कारकून झालेले, आणि हे स्वतः आयटीआय करून लागलेले. बुटके, सडपातळ, हात लहान मुलासारखे. मराठी बोलत ती आमच्या पुण्याच्या कानाला अर्धी उर्दू वाटे. मला पहिल्या दिवसापासून "बाई" म्हणत. पुण्यात बाई म्हणजे एक तर शाळेतली नाहीतर भांड्यांची, त्यामुळे सुरुवातीला मला ते खटकलं. त्यांच्याकडे तो मान होता हे कळायला महिना गेला.

पुण्याहून येऊन रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात मी एका उघड्या फ्लँजच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. दोन नळ्या जिथं बोल्टनं एकमेकींना जोडतात ती रुंद चकती म्हणजे फ्लँज. मी तिची घडण बघत होते. भालकीकर पलीकडे बोल्ट पुसत बसले होते. उठून आले, माझ्यासमोर ती कड पुसली, फडकं टाकलं, दुसरं माझ्या हातात दिलं. मी पुसली. तिसरं दिलं. ते झाल्यावर म्हणाले, "बाई, तुमच्या बोटाचं तेल हे मशीन चार दिवस चाटत बसंल. पंपाला कळत नाही की हात पुण्याचा हाये."

मग कपाटातून हातमोज्यांची एक जोडी काढून दिली. सगळ्यात लहान मापाची. विभागात ते माप फक्त त्यांना लागत असे, त्या दिवसापासून मलाही. आणि त्याच मापामुळे मशीनच्या आत जायचं काम माझ्याकडे आलं. पोर्टातून खांदे जातील अशी आम्ही दोघंच होतो, आणि त्याच वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला होता.

कामाच्या त्यांच्या काही रीती होत्या. बोल्ट कधी ओळीनं आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, तेही थोडे थोडे, तीन फेऱ्यांत. "एका पोराला सगळं खाऊ घातलं की दुसरा रुसतो," असं त्याचं स्पष्टीकरण. डबा खाऊन आल्यावर अर्धा तास कशालाही हात लावायचा नाही, मोजे घालूनसुद्धा नाही. कोणी एखादा जोड तपासल्याचा कागद दाखवला तर ते कागदाकडे बघत नसत, जोडाकडे बघत. "हवेला सही दाखवून चालत नाही," म्हणत.

एकदा मी त्यांच्याबरोबर बेगम बाजारात गेले. आईसाठी मोठे डबे घ्यायचे होते आणि तिथली दुकानं त्यांना माहीत होती. ते दर रविवारी जात. भांड्यांच्या गल्लीत एक व्यापारी दुरूनच ओरडला, "आ गये वेल्डिंग के हकीम." भालकीकर तिथं उकिडवे बसले आणि लग्नाच्या बिर्याणीची एक भलीमोठी डेग नखानं वाजवत गोल फिरले. एका जागी थांबून म्हणाले, इथून गळेल. व्यापारी म्हणाला, चच्चा, गळाली तर तुमच्या नावानं परत घेईन. सगळे हसले. माणसं त्यांना ओळखत होती, थट्टा करत होती, आणि ते तिथं लॅबमधल्यापेक्षा वेगळे, मोकळे दिसत होते.

पुढे किराण्याच्या घाऊक दुकानात त्यांनी पाव किलो तूरडाळ मागितली. आजूबाजूला पोती उतरत होती. दुकानदारानं हात जोडले. "चच्चा, पाव किलो के वास्ते बेगम बाजार आते क्या? मोहल्ले में दुकान नै है?"

"है," भालकीकर म्हणाले. "वहाँ दो मिनट में काम हो जाता."

मला ती कोटी वाटली. मीही हसले. त्यांनी पाव डाळ, पाव साखर, शंभर ग्रॅम जिरं असं चार दुकानांतून घेतलं, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं. मला उशीर होत होता.

आता पोर्टावर बसण्याबद्दल. मशीन उघडताना आधी आत नायट्रोजन भरतात. तो नंतर काढून साधी हवा खेळवतात, तरी एखाद्या कोपऱ्यात राहून गेला तर आतल्या माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. गुदमरल्यासारखंसुद्धा होत नाही. म्हणून आत कोणी असेल तर पोर्टाशी एकानं बसायचं, हलायचं नाही आणि विचारत राहायचं.

भालकीकर स्टुलावर बसत आणि दर दोन मिनिटांनी विचारत, "बाई, हायेत का?"

पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी "हं" म्हणाले. दुसऱ्यांदा "हं". तिसऱ्या "हं" ला त्यांनी मला बाहेर यायला लावलं. मी वैतागले. अर्धं फडकं फिरलेलं होतं. ते म्हणाले, "हं तर झोपलेला बी म्हणतो. शुद्ध जायच्या आधी माणूस हंच म्हणत असतो. दर खेपेला नवं सांगायचं. आधी सांगितलं नाही असं कायतरी. ते सुचलं म्हणजे डोकं ठिकाणावर हाये."

मग मी नवं सांगू लागले. आधी सकाळी काय खाल्लं ते. मग हिमायतनगरची घरमालकीण आणि तिचं पाण्याच्या टाकीवरून चालणारं भांडण. चार तासांत दर दोन मिनिटांनी एक नवी गोष्ट म्हणजे किती होतात ते मोजून बघा. बाजार संपला, ऑफिस संपलं, की माणूस आपोआप घरात शिरतो. आईचं आजारपण सांगितलं. ठरलेलं लग्न मी मोडलं होतं, ते सांगितलं, आणि का मोडलं तेही. जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते पोलादाच्या भिंतीकडे तोंड करून सांगितलं, कारण पुढचा प्रश्न यायच्या आत काहीतरी नवं हवं असे. ते त्यावर कधी काही बोलले नाहीत. सल्ला नाही, हळहळ नाही. दोन मिनिटांनी पुन्हा, "बाई, हायेत का?"

अकरा वर्षं आम्ही असं काम केलं. त्यांना माझं सगळं माहीत होतं. मला त्यांचं काय माहीत होतं? त्यांची बायको माझ्या येण्याआधी वारली होती हे ऑफिसात ऐकलेलं. नांदेडला मुलगी आहे हे त्यांच्या रजेच्या अर्जावरून. राहायला काचीगुड्याला. बस्स. आतल्यानं बोलायचं आणि बाहेरच्यानं विचारायचं अशी ती रीत होती, आणि मी कायम आतली होते.

मी येण्याआधी तुम्ही आत जायचात तेव्हा बाहेर कोण बसायचं, असं एकदा मी मोजे चढवता चढवता विचारलं.

"रझ्झाकभाई. रिटायर होऊन गेले." मग म्हणाले, "आत असलो की मी लई बोलायचो, बाई. रझ्झाकभाई म्हणायचे, नरहर, तू बाहर आते ही गूँगा हो जाता."

मी हसले आणि आत शिरले. त्यांचा खांदा गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. म्हणजे सहा वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हा हिशेब मी त्या दिवशी केला नाही. आज करते आहे.

ते निवृत्त झाले तेव्हा कँटीनमध्ये समोसे आणि हार असा कार्यक्रम झाला. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मशीनच्या सगळ्या जुन्या जोडांची यादी करून दिली होती. प्रत्येक जोडापुढे "तपासला", शेवटी त्यांची सही, आणि त्याखाली मी स्वतः पडताळून पाहिल्याची माझी सही. मी बहुतेक जोड पाहिले. खालच्या वेटोळ्यामागचे पाहिले नाहीत. तिथं उताणं झोपून, काठीला आरसा बांधून, टॉर्चच्या उजेडात बघावं लागतं. यादी भालकीकरांची होती. मी सही केली.

पुढच्या वर्षी मशीनचं मोठं काम निघालं. नवे पंप, भिंतीला चार नवे पोर्ट, आतून ग्रॅफाइटच्या नव्या फरशा, आणि मशीन तापवायचे नवे हीटर. आतली ओल घालवायला सगळं भांडं काही दिवस भाजून काढतात. आता ते पूर्वीपेक्षा बरंच जास्त तापवता येणार होतं. पोर्ट जोडायला कंत्राटदाराचा वेल्डर होता, यादगिरी. माझ्याच वयाचा, अबोल, हात सोन्यासारखा. आठ महिने काम चाललं. मग भट्टी लावली, मशीन थंड केलं, पंप सुरू केले, आणि व्हॅक्यूम एका जागी येऊन अडला. कुठून तरी हवा शिरत होती.

गळती शोधायची पद्धत सोपी आहे. बाहेरून हेलियमची बारीक फुंकर मारत फिरायचं. तो आत शिरला की आत जोडलेलं यंत्र आवाज करतं. पण आवाज येई तो कधी इथं, कधी तिथं. तीन आठवडे आम्ही फुंकर मारत होतो. नवं काय तर नवे पोर्ट, म्हणून संशय यादगिरीच्या जोडांवर आला. कंत्राटदारानं हात झटकले. यादगिरीचा आत यायचा पास थांबवला गेला, आणि महिनाअखेरीपर्यंत गळती सापडली नाही तर त्याला सरकारी कामांवरून कायमचं काढायचं असं ठरलं. तो रोज सकाळी येऊन गेटबाहेरच्या कठड्यावर बसायचा. मी जाता-येता दिसले की उठून उभा राहायचा. "मेरा वेल्ड नै है, मॅडम." एवढंच.

मी भालकीकरांना फोन करून सगळं सांगितलं, येऊन बघाल का विचारलं. गुडघा दुखतोय म्हणाले. दुसऱ्या दिवशी केला, तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी फोन केला नाही तर ते आपणच ऑटोनं आले. गेटाशी यादगिरी बसला होता. त्याच्या शेजारी कठड्यावर ते अर्धा तास बसले. काय बोलले माहीत नाही. मग आत आले. मोजे मागितले नाहीत, मशीनकडे पाहिलं नाही.

"बाई, खालच्या वेटोळ्यामागं बघा. दोन नंबरच्या पोर्टाखाली, डाव्या अंगाला. आरसा न्या."

मी उताणी झोपून सरकत गेले. आरशात नखाएवढा एक तपकिरी डाग दिसला. जळून तडकलेला. लाखेसारखं एक रसायन मिळतं, बारीक छिद्रावर लावलं की सुकून बसतं आणि हवा थांबते. तात्पुरत्या कामासाठी ते ठीक असतं, फार उष्णता त्याला सोसत नाही. बाहेर आले तर ते हात पाठीमागे घेऊन उभे होते.

"माझं हाये," म्हणाले.

गोष्ट मी येण्याआधीची होती. सुईच्या टोकाएवढं छिद्र सापडलं होतं. नीट वेल्ड करायचं तर वेटोळं उतरवायला लागणार, म्हणजे दोन महिने, आणि दिल्लीहून मोठी माणसं मशीन चालताना बघायला येणार होती. त्यांनी रसायन लावलं. पुढच्या खेपेला मशीन उघडलं की वेल्ड करू, तेव्हाच नोंदवू, असं ठरवलं. पुढच्या खेपेला वेटोळं उतरलं नाही. त्यापुढच्याही नाही. "व्हॅक्यूम चांगला येत होता. चालत्या गाडीला कोण थांबवतं. दर वर्षी वाटायचं, औंदा सांगू. मग वाटायचं, आता सांगितलं तर विचारतील, इतके दिवस काय करायलता?" यादीत त्या जोडापुढेही त्यांनी "तपासला" लिहिलं होतं. नव्या हीटरची बातमी त्यांना होती. "हीटर लावताना मला कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही, असं तीन दिवस मनाला सांगत बसलो. आज बाहेर तो माणूस बघितला."

मग म्हणाले, "लिवा, बाई. माझ्या नावानं लिवा. नोंदवहीत माझ्या हातानं लिवायला पायजे होतं, आता मला तो हक नाही. तुम्ही लिवा."

वेटोळं उतरवलं. यादगिरीनंच तिथं वेल्ड केलं. व्हॅक्यूम आला. त्याचा पास परत मिळाला. मशीन चाललं. आणि मी अहवाल लिहिला. दोषाचं कारण: जुनी तात्पुरती दुरुस्ती. कोणी व केव्हा केली: नोंद उपलब्ध नाही.

वाक्य शब्दशः खरं होतं. नोंद नव्हतीच. म्हणून ते इतकं सोपं गेलं. मी स्वतःला सांगितलं की म्हाताऱ्या माणसाच्या तीस वर्षांवर शेवटी डाग कशाला, यादगिरी सुटला, मशीन सुरू झालं, कुणाचं नुकसान नाही. हे सगळं पटण्यासारखं होतं. पण त्यांचं नाव आलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की त्या जोडाच्या पडताळणीखाली सही कोणाची आहे. आमच्या विभागप्रमुखाची जागा त्याच महिन्यात भरायची होती. ती मला मिळाली.

मशीन पुन्हा सुरू झाल्याचा समारंभ झाला तेव्हा जुन्या तंत्रज्ञांना शाली दिल्या. भालकीकर आले नाहीत. त्यांची शाल आणि अहवालाची एक प्रत घेऊन मी काचीगुड्याला गेले. त्यांना बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, फरशी आरशासारखी, ओट्यावर एक कप उपडा. खुर्ची एकच होती, ती मला दिली. ते खाटेवर बसले आणि अहवाल पहिल्या पानापासून वाचू लागले. बोट ठेवून वाचत. एका ओळीवर बोट थांबलं.

"हे काय लिवलं, बाई?"

"नोंद नव्हती, म्हणून तसं लिहिलं."

"मी सांगितलं होतं की."

तुमचं नाव कशाला मध्ये, तुमच्या चांगल्यासाठीच, असं मी म्हणाले. त्यांनी हातानं थांबवलं.

"शास्त्रज्ञांचे पेपर छापून येतात त्यात आमची नावं नसतात. त्याचं कायी नाही, गणित आम्हाला येत नाही. आमची नावं नोंदवहीत. बोल्ट कुणी आवळले, पंप कुणी लावला. आता मशीन नवं झालं. माझे बोल्ट गेले, माझे पंप भंगारात गेले. ती एक चूक तेवढी माझी म्हणून राहिली असती. ती बी तुम्ही पुसली."

ते पुढे म्हणाले, आवाज न चढवता, "आन् यादीवर तुमची सही होती. तवा आरसा घेऊन गेलता का?"

त्यांनी वाट पाहिली. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. अकरा वर्षांत त्यांनी मला हजारो वेळा विचारलं होतं आणि दर वेळी मी काहीतरी सांगितलं होतं. या वेळी मला काही सांगता आलं नाही. मग त्यांनी शाल नीट घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"ज्याची नोंद नाही त्याला शाल कशाला, बाई."

राग नव्हता. असता तर मी भांडले असते आणि बरं झालं असतं. मी शाल घेऊन जिना उतरले.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. मी चष्मा आणायला कोठीच्या बाजारात गेले होते. पलीकडच्या फुटपाथवर एका दवाखान्याबाहेर ते उभे होते, काखेत एक्स-रेचं पाकीट. एका ऑटोवाल्याशी बोलत होते. भाडं ठरलेलं दिसत होतं, कारण त्यांचा एक पाय आत होता. तरी ते बोलत होते, हातवारे करून, काहीतरी समजावून सांगत. ऑटोवाला समोर बघत मान हलवत होता, एक हात हँडलवर. त्याच्या तोंडाची हालचाल मला इकडूनही कळत होती. तो "हं" म्हणत होता.

ते किती वेळ बोलले? सिग्नल दोनदा सुटला एवढा. दोन्ही वेळा मी रस्ता ओलांडला नाही. शेवटी ऑटोवाल्यानं गाडी सुरू केली, ते घाईनं दुसरा पाय आत घेऊन बसले आणि ऑटो गर्दीत शिरली. पुढच्या महिन्यात मुलीनं त्यांना नांदेडला नेलं असं कळलं. फोन नंबर माझ्याकडे होता.

१२ डिसेंबर. सकाळी सातला मुलीला दोन ओळी पाठवल्या. "नरहर भालकीकर यांनी तीस वर्षं एका मोठ्या यंत्राच्या आत हवा शिरू दिली नाही. त्यांच्या हातून एकदा चूक झाली आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो आहे हे पाहून ती त्यांनी स्वतः येऊन सांगितली." पाच मिनिटांत तिचा फोन आला. दुसरी ओळ वाचलीच पाहिजे का, तेराव्याला बरं दिसेल का. मी म्हटलं, वाचा, ती त्यांना हवी होती.

ऑफिस उघडायच्या वेळी अभिलेख विभागात गेले. बंद झालेला अहवाल बदलता येत नाही, त्याला दुरुस्तीपत्र जोडता येतं. त्याचा फॉर्म मागून घेतला. जोडाची ती तात्पुरती दुरुस्ती कोणी केली या रकान्यात भालकीकरांचं नाव, हुद्दा, आणि "स्वतः येऊन सांगितले" असं लिहिलं. पडताळणी कोणी केली या रकान्यात माझं नाव आणि "न पाहता सही केली". तारीख घातली, सही केली.

तिथल्या कारकुनानं ते दोनदा वाचलं. चांगला माणूस आहे, माझं वाईट व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. "अब काहेकू, मॅडम? आदमी तो गया. ये कागज ऊपर तक जाएगा."

"जाने दो," मी म्हणाले. "शिक्का मारा."

त्यानं मारला. मी पोच घेतली, दोन्ही नावं स्वच्छ वाचता येतात ना ते पाहिलं, आणि कामावर गेले.